बारा दिवस, सात बेटं, दोन दुखरे गुडघे: क्रोएशियाचं जमते का?

मास्तर_दर्यापूर

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. गाव दर्यापूर तालुक्यात, म्हणजे पक्का खारपाणपट्टा. आमच्या विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की समुद्र आठवावा. पण खरा समुद्र आम्ही नवरा-बायकोनं एकदाच पाहिला, गणपतीपुळ्याला. तोही शाळेच्या सहलीसोबत, चाळीस पोरं मोजता मोजता.

एकतीस वर्षं मी पोरांना नकाशावर छडी टेकवून भूमध्य समुद्र दाखवला. इटलीचा बूट दाखवला आणि त्या बुटाच्या पलीकडच्या काठाला सांडलेल्या तांदळासारखी बेटं दाखवली. चारी बाजूंनी पाणी ते बेट, तीन बाजूंनी पाणी ते द्वीपकल्प. व्याख्या हजार वेळा सांगितली असेल. आता लेक-जावई जर्मनीत आहेत, ते म्हणतात पुढच्या सप्टेंबरात या, सोबत क्रोएशियाला जाऊ.

जावयांनी तक्ता करून पाठवला आहे. बारा दिवस: स्प्लिट, ब्राच, ह्वार, व्हिस, कोर्चुला, म्ल्येत, पेल्येशाट्स नावाचं द्वीपकल्प आणि शेवटी डुब्रोव्हनिक. जागा आठ, त्यातली पाच बेटं. शिवाय दोन बेटांपुढे "वेळ उरल्यास" असं लिहिलं आहे, म्हणजे सातच धरा. तक्त्याला रंगसुद्धा दिले आहेत. सौभाग्यवतीची अट एकच: "बेटावर रात्री मुक्काम कराचा. नुसतं बोटीतून बोट दाखवून परत नाई आनाचं."

माझे प्रश्न: हे बारा दिवसांत होतं का? गाडी घ्यावी का (जावई चालवतील)? आम्ही दोघं शाकाहारी, उपाशी तर राहणार नाही? आणि गुडघे. ते माझे नाहीत, तिचे आहेत. पण रात्री शेकायला मलाच उठावं लागतं.

उनाड_अकोट

गुरुजी, समुद्रच पाहाचा तर कोकण काय वाईट हाये? सिंधुदुर्ग किल्लाही बेटच हाये. लाखो रुपये घालून तिथं गोटेच पाहाचे ना? म्या फोटो पाह्यले, वाळूसुद्धा नाई तिथं.

संत्रावाला_वरुड

गुरुजी, रामराम. मी २०२४ च्या सप्टेंबरात जाऊन आलो, बायको आणि मिलानचा साळा सोबत. मृगाचा बहार झाडावर होता, बगिचा लहान भावाच्या हवाली केला. त्यानं पाणी जास्त सोडलं, तो विषय वेगळा.

जवाईबापूंचा तक्ता पाह्यला. राग मानू नका, पण तो सहलीचा तक्ता नाई, पार्सलच्या गाडीचा आहे. बेटाचं गणित आपल्या एसटीसारखं नसते. कागदावर ब्राच ते ह्वार बोटभर अंतर दिसते. पण एका बेटावरून शेजारच्या बेटावर गाडीसकट जायले पुष्कळदा आधी किनाऱ्यावर परत या लागते आणि दुसरी बोट धरा लागते. चाकाचे आरे मधातून निघतात आणि चारी बाजूंनी पांगतात, तशा त्या बोटी स्प्लिटमधून निघतात. एका आऱ्यावरून दुसऱ्या आऱ्यावर उडी मारता येत नाई. उन्हाळ्यात माणसं नेणाऱ्या कॅटमरान बेटाबेटाले जोडून जातात, पण त्यात गाडी चढत नाई.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाई. गाडीवाल्या बोटीचं तिकीट काढलं म्हणजे त्याच बोटीत जागा मिळाली असं नाई. रांगेत जो पुढं, तो चढला. आम्ही ह्वारच्या पूर्व टोकाले, सुचुराय नावाच्या बंदरावर, दुपारी पोचलो. त्याआधी पन्नासेक किलोमीटर असा रस्ता की दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीनं श्वास रोखून उभं राहाचं. बायकोचं पोट तर रस्त्यातच रिकामं झालं होतं. पुढं बावीस-तेवीस गाड्या. बोट आली, लहानशी, आणि आमच्या पुढच्या गाडीपाशी त्या माणसानं हात आडवा केला. झालं, पुढच्या बोटीपर्यंत बसा. साळा चिडला. मी धुऱ्यावर बसतो तसा बंदराच्या कठड्यावर बसलो आणि डब्यातल्या दशम्या काढल्या. खरं सांगू? सगळ्या सहलीत ते दोन तास मले सगळ्यात जास्त आठवतात. पाणी इतकं नितळ की खालचे गोटे मोजा.

तर माझं म्हणणं: बेट एकच घ्या, ह्वार. आणि उरलेला मुक्काम द्वीपकल्पावर करा. स्प्लिट दोन रात्री, ह्वारवर तीन, पेल्येशाट्सवर पाच, डुब्रोव्हनिक दोन. स्प्लिटहून ह्वारवरच्या स्तारी ग्राद गावाले गाडीची बोट दोन तासांत जाते. परतीले सुचुरायहून समोरच्या द्रवेनिकले अर्धा-पाऊण तास. तिथून रस्त्यानं पेल्येशाट्स. सुचुरायले फक्त सकाळी जा.

ह्वार म्हटलं की सगळे ह्वार शहराचे फोटो टाकतात, श्रीमंतांच्या नावा आणि रात्रभर गाणे. तुम्ही स्तारी ग्रादले राहा. काऊन, ते सांगतो, इथं जरा लांबण लागेल.

स्तारी ग्रादच्या मागं सपाट वावर आहे. इसवी सनापूर्वी ३८४ मध्ये पारोस नावाच्या ग्रीक बेटावरून लोक तिथं आले, आणि आल्याबरोबर त्यांनी काय केलं? मोजणी! सगळ्या मैदानाचे सारखे पट्टे पाडले, एकेक पट्टा अंदाजे ९०० मीटर लांब, १८० मीटर रुंद. मी तिथंच उभं राहून मोबाइलवर हिशोब केला, चाळीस एकर भरते. पट्ट्यांच्या मधात गोट्यांचे धुरे. ना चुना, ना माती, नुसता गोट्यावर गोटा. ते धुरे चोवीसशे वर्षं झाले तरी बव्हंशी जागेवर आहेत, आणि आतमधी आजही द्राक्ष आणि ऑलिव्हच आहे. २००८ मध्ये युनेस्कोनं ते वावर जागतिक वारसा म्हणून धरलं. गुरुजी, वावर! राजवाडा नाई, मंदिर नाई. माझ्या शेजाऱ्यानं माझा धुरा सहा वर्षांत तीन फूट सरकवला, दोनदा मोजणी झाली, अजून कोर्टात आहे. मी त्या गोट्यावर हात ठेवून किती वेळ उभा होतो, साळ्याले विचारा.

सायकली भाड्यानं मिळतात, मैदान सपाट आहे. वहिनींच्या गुडघ्यांले पायडल झेपत नसेल तर बॅटरीच्या सायकली आहेत. मधे मधे गोट्याच्या बिनखिडकीच्या झोपड्या दिसतात, आपल्या वावरातल्या खोपडीसारख्या, फक्त छप्परही गोट्याचंच. पाऊस आला की आत शिराचं. पण पाऊस तिथं उलटा आहे. हिवाळ्यात पडते, उन्हाळा कोरडा. आपल्याले मृग, त्यांले कार्तिक. म्हणून ऑलिव्ह आणि द्राक्षासारखी खोल मुळांचीच झाडं टिकतात.

आता पेल्येशाट्स. साठ-पासष्ट किलोमीटर लांब, चिंचोळं, मधात डोंगराची पाठ. किनाऱ्याकडून येताना नवा पूल लागते, २०२२ च्या जुलैत उघडला, जवळपास २.४ किलोमीटर लांब. हा पूल नसता तर नेउममधून जा लागलं असतं. ते बोस्निया, वेगळा देश. क्रोएशियाच्या किनाऱ्यात बोस्नियाची ती वीसेक किलोमीटरची पाचर कशी घुसली, तर १६९९ च्या तहात डुब्रोव्हनिकच्या लोकांनी ती पट्टी तुर्कांच्या हातात राहू दिली, म्हणजे व्हेनिसवाले जमिनीवरून अंगावर येणार नाईत. दोन भांडखोर भाऊबंदांच्या मधात तिसऱ्याचं वावर ठेवाचं, तशी अक्कल!

डोंगराच्या समुद्राकडच्या उतारावर दिंगाच नावाची द्राक्षबाग आहे. उतार असा की बकरीसुद्धा विचार करेल. खाली समुद्र, वर गोटे, मधात प्लावाच माली नावाचं काळं द्राक्ष. आधी माल गाढवांच्या पाठीवर डोंगर ओलांडून गावात येत होता. मग लोकांनी डोंगरातून ४०० मीटरचा बोगदा पाडला, एकाच गाडीपुरता. आम्ही त्यातून गेलो तेव्हा समोरून द्राक्षाची ट्रॉली आली आणि साळ्यानं गाडी उलटी घेत घेत बाहेर काढली. त्या शेतकऱ्यानं उतरून आम्हाले दोन घड दिले, हातवाऱ्यांनी माफी मागितली. बियांची द्राक्षं, साल जाड, पण गोड म्हणजे गूळच.

मी कुठं काम करतो विचारलं तर साळ्यानं संत्र्याचं सांगितलं. मग त्यानं आपल्या बागेत नेऊन एक खोड दाखवलं आणि बोटानं जोड दाखवला. कलम! शंभरेक वर्षांआधी अमेरिकेतून फिलॉक्सेरा नावाचा किडा आला, द्राक्षाच्या मुळाले लागला, बेटंच्या बेटं उजाड झाली. माणसं दक्षिण अमेरिकेत, न्यूझीलंडमधे निघून गेली. आपली बोंडअळी समजा, पण गाव रिकामं करणारी. उपाय निघाला तो असा की अमेरिकन खुंट, वरून आपली जात. आपण जंबेरीवर संत्र्याचा डोळा बांधतो तेच. भाषा एक शब्द समजत नव्हती, पण त्या जोडावर आम्ही दोघं अर्धा तास बोललो.

गाडी भाड्यानं घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, चाकाच्या रिंगासकट. आम्ही ज्यांच्याकडून घेतली त्यांनी परत देताना जुना ओरखडा आमच्या नावावर टाकला. नाव लिहीत नाई, पण पैसे गेले.

वर्ध्याची_कुमुद

मास्तर, आधी व्हिसा. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये (एकच व्हिसा चालणारा युरोपातल्या देशांचा गट) आहे, त्यामुळे जर्मनी आणि क्रोएशियाचा वेगवेगळा व्हिसा लागत नाही. ज्या देशात जास्त दिवस, त्या देशाकडे अर्ज. तुमचे दिवस लेकीकडे जास्त जाणार असतील तर अर्ज जर्मनीकडेच. मोठ्यांची फी ९० युरो. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. सप्टेंबरात जायचं असेल तर उन्हाळ्याच्या सुट्ट्यांची गर्दी सुरू व्हायच्या आत बोटांचे ठसे देऊन मोकळे व्हा. आणि व्हिसा एकाच प्रवेशाचा आला तर वरच्या दादांनी सांगितलेल्या नेउमकडे वळूच नका, पुलावरूनच जा. बोस्निया शेंगेनमध्ये नाही.

चलन युरोच आहे, तेही त्याच दिवसापासून. जुन्या ब्लॉगांवर कुना लिहिलेलं दिसेल, ते विसरा.

किचन_कोर्चुला

काका, नमस्कार. मी दारव्ह्याचा, सध्या कोर्चुला बेटावर हॉटेलच्या किचनमधे. हा धागा रात्री एक वाजता भांडी लावून झाल्यावर वाचतोय, शुद्धलेखन माफ.

तुम्ही पेल्येशाट्सवरच्या ओरेबिच गावाला राहिलात तर कोर्चुला समोरच आहे. नुसत्या माणसांची बोट पंधरा-वीस मिनिटांत येते, गाडी तिकडेच ठेवा. म्हणजे काकूंचा बेटावरचा मुक्काम ह्वारवर झालाच, इथं सकाळी येऊन संध्याकाळी परत. कोर्चुला गावाच्या गल्ल्या माशाच्या काट्यासारख्या आहेत, मधे एक कणा आणि दोन्हीकडे वळणाऱ्या गल्ल्या. कारण वारा. हिवाळ्याचा बुरा सरळ आत शिरू नये म्हणून. (वाऱ्याचं नावच बुरा. पहिल्या दिवशी मला वाटलं शेफ हिंदी बोलतोय.) सप्टेंबरात बुरा क्वचित, पण युगो सुटू शकतो. तो दक्षिणेचा, दमट, लाटा उचलणारा. इथले लोक युगो सुटला की भांडण टाळतात, डोकं दुखतं म्हणतात. वारा जास्त असला की कॅटमरान आधी बंद होतात, मोठ्या बोटी नंतर. म्हणून विमानाच्या आदल्या दिवशी बेटावर राहू नका.

मार्को पोलोचं घर म्हणून एक बुरूज दाखवतात. तो इथंच जन्मला याचा पक्का पुरावा नाही, पण दुकानं त्याच्याच नावावर चालतात. त्यापेक्षा मोरेश्का पाहा, तलवारींचा नाच. दोन राजे, एक मुलगी. तलवारी खऱ्याच आपटतात, ठिणग्या उडालेल्या मी पाहिल्या आहेत.

जेवण. "बेझ मेसा" म्हणजे मांसाशिवाय, "बेझ रिबे" म्हणजे माशाशिवाय. दोन्ही म्हणा, नुसतं पहिलं म्हटलं तर मासा येतो, त्यांच्या हिशोबात मासा वेगळा. ब्लित्वा मागा. पालकासारखी भाजी, बटाटा, लसूण, ऑलिव्ह तेल. आपल्या आजीनं मिरची विसरून केली तर अशी लागेल. स्प्लिटजवळच्या पोल्यित्सा भागात सोपार्निक मिळतो, दोन पातळ पोळ्यांत तीच भाजी भरून निखाऱ्याखाली भाजलेली. काकूंना आवडेल. काळा भात दिसला तर हात लावू नका. तो तिळाचा नाही, माकुळाच्या शाईचा आहे. ठेचा बाटलीत घट्ट भरून आणा. मागच्या महिन्यात माझा संपला, तेव्हापासून सगळ्याची चव एकच लागते.

उनाड दादा म्हणतात ते खरं आहे, वाळू कमीच. गोटेच आहेत. पण गोट्यांमुळेच पाणी गढूळ होत नाही. रबरी चप्पल घ्या, खडकाला काटेरी समुद्री साळू चिकटलेले असतात, पाय पडला तर काटे काढायला मी सुई घेऊन येणार नाही.

आणि म्ल्येत तक्त्यातून काढताय ते ठीक, पण एक ऐकून ठेवा. तिथं साप फार होते, विषारी. १९१० मध्ये लोकांनी उपाय म्हणून मुंगूस आणून सोडले, मूळ आपल्याकडची जात. सापांचं काम झालं, मग मुंगसांनी पक्षी आणि कोंबड्या धरल्या. आता कोर्चुलावर आणि पेल्येशाट्सवरही आहेत. मी इथं आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात रस्त्यानं मुंगूस आडवं गेलं. घरी फोन करून आईला सांगितलं. ती म्हणाली, शुभ असते, पगार वाढते. वाढला नाही अजून.

मास्तर_दर्यापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. जावयांना फोन केला. आधी थोडे रुसले, त्या रंगीत तक्त्यावर दोन रविवार गेले होते म्हणे. मग संत्रावाल्या भाऊंचं सगळं लिखाण मी वाचून दाखवलं. सुचुरायची रांग ऐकून लेक मागून म्हणाली, "बाबा बरोबर आहेत." मी काहीच बोललो नव्हतो.

तर ठरलं: स्प्लिट, स्तारी ग्राद, ओरेबिच, डुब्रोव्हनिक. व्हिस आणि ब्राच गेले. ब्राचसाठी जीव थोडा तुटला, स्प्लिटमधल्या रोमन बादशहा डायोक्लेशियनच्या महालाचा पांढरा दगड तिथल्याच खाणींतला. पण महाल तर स्प्लिटलाच आहे, दगड तिथंच पाहू.

एक मात्र मी स्वतःच्या हट्टानं घातलं आहे: स्तोन. कोणी फार लिहिलं नाही त्याच्याबद्दल. पेल्येशाट्स जिथं किनाऱ्याला जोडला आहे त्या मानेवरचं गाव. डुब्रोव्हनिकच्या प्रजासत्ताकानं १३३३ मध्ये हे द्वीपकल्प घेतलं आणि तिथं भिंत बांधायला घेतली. साडेपाच किलोमीटर अजून उभी आहे. एवढी भिंत कशासाठी? मिठासाठी. तिथली मिठागरं आजही चालू आहेत, समुद्राचं पाणी वाफ्यात घ्यायचं, ऊन-वाऱ्यानं आटवायचं आणि फावड्यानं ओढायचं.

आमच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात दहीहांड्याला १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. समुद्र शेकडो कोस लांब, म्हणून खाऱ्या विहिरीचं पाणी आटवून मीठ काढलं. ही गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगायचो आणि पोरं म्हणायची, गुरुजी, मग आपल्या विहिरीचं काढा ना. एका साली काढलंही. कढईभर पाण्यातून बोटभर कडसर पांढरं निघालं, आणि कढई ज्या घरून आणली होती तिथली माय आठवडाभर बोलली नाही. तर स्तोनची मिठागरं मला पाहायचीच आहेत. भिंतीवर जावई आणि लेक चढतील. आम्ही दोघं खाली वाफ्यांच्या काठाला बसू.

किचनवाल्या बाळा, तुझ्यासाठी ठेचा घेतो. हिरव्या मिरचीचा की लाल?

किचन_कोर्चुला

हिरव्या मिरचीचा, काका. आणि काकूंना विचारा, भरीत करतील का? वांगं इथं मिळतं, पण गुळगुळीत, काटा नाही. निखारे आमच्या किचनमधे रोज असतात. माझी सुट्टी सोमवारी असते.

मास्तर_दर्यापूर

विचारलं. म्हणाली, "कांद्याची पात भेटते का, ते आधी विचारा."